छडी खाली ठेवल्यानंतर

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला, तेव्हा मी गुजरातेतील एका जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात होतो. या कायद्याच्या १७व्या कलमाने मुलास शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्ही गोष्टी निषिद्ध ठरविल्या. यथावकाश वरून परिपत्रक आले. आम्ही त्याच्या प्रती काढल्या, 'माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा मारून त्या खाली रवाना केल्या आणि तिमाही अहवाल मागविला. अहवाल वेळेवर आले. शिक्षेच्या प्रकारांसाठी जो रकाना आखला होता, त्यात प्रत्येक शाळेने एकच शब्द लिहिला होता : निरंक. सरकारी नोकरीत ज्यांची हयात गेली त्यांना या शब्दाचे वजन ठाऊक आहे. मी सर्व अहवाल एकत्र केले, खाली सही केली आणि वर पाठविले. ते खरे नव्हते हे मला ठाऊक होते. वर बसलेल्यांनाही ते ठाऊक असावे.

त्याच पावसाळ्यात एका प्राथमिक शाळेच्या तपासणीस गेलो होतो. एका खोलीत दोन इयत्ता, साठाच्या वर मुले, आणि निवृत्तीला आलेले एक शिक्षक. मी नव्या कायद्याविषयी चार शब्द सांगितले. त्यांनी ते नम्रपणे ऐकून घेतले. मुले पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा त्यांनी मेजाच्या खणातून लाकडी पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "साहेब, ही आपण घेऊन जा, माझी काही हरकत नाही. पण त्या खिडकीपाशी बसणारा मुलगा रोज कोणाला ना कोणाला चावतो. उद्या तो चावला की मी काय करायचे, एवढे मात्र सांगून जा." मी म्हणालो, प्रेमाने समजवा. त्यावर ते काही बोलले नाहीत. त्यांनी चहा मागविला. मी तपासणीच्या वहीत 'समाधानकारक' असा शेरा लिहिला आणि निघालो.

तो प्रश्न मी विसरलो असतो. परंतु निवृत्तीनंतर, २०१९ साली, मुलीकडे अमेरिकेत मेरीलँड राज्यात काही महिने राहण्याचा योग आला. नातू तेथील प्राथमिक शाळेत दुसरीत होता. एके दिवशी तो एक रंगीत चिठ्ठी घेऊन घरी आला. जेवणघरात रांगेत शांतपणे उभा राहिला म्हणून ती मिळाली होती, आणि अशा काही चिठ्ठ्या साठल्या की शाळेतल्या छोट्या दुकानातून पेन्सिल मिळणार होती. मला हे फारसे रुचले नाही. रांगेत उभे राहण्याचे बक्षीस कसले द्यायचे? मुलीला तसे बोललोही. ती म्हणाली, "बाबा, त्या चिठ्ठीमागे बरेच काही आहे, आधी वाचा तर." शाळेने पालकांसाठी काढलेली पुस्तिका तिने मला दिली. त्या पुस्तिकेवरून पुढे जे वाचत गेलो त्याचा हा वृत्तांत आहे. आपल्या मंडळातील अनेक कुटुंबांत शिक्षक-शिक्षिका झाल्या आहेत, आणि अनेकांची नातवंडे आज त्या देशात शिकत आहेत; म्हणून तो येथे मांडावासा वाटला.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकेतील शाळा मुळापासूनच मुलांचे लाड करणाऱ्या आहेत, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. ६ ऑक्टोबर १९७० रोजी फ्लोरिडातील डेड काउंटीमधल्या एका शाळेत, शिक्षकाने सांगितलेले लगेच ऐकले नाही एवढ्या कारणावरून, चौदा वर्षांच्या जेम्स इंग्रॅहॅम या विद्यार्थ्यास लाकडी फळीने वीसहून अधिक फटके मारण्यात आले. त्याला वैद्यकीय उपचार घ्यावे लागले आणि कित्येक दिवस शाळेत जाता आले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७७ साली पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने न्यायालयाने निर्णय दिला, की क्रूर शिक्षेस मनाई करणारी घटनेतील तरतूद गुन्हेगारांसाठी आहे; शाळेतल्या मुलांना ती लागू होत नाही. तुरुंगातील कैद्याला जे संरक्षण आहे ते विद्यार्थ्याला नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो. न्यू जर्सी राज्याने मात्र १८६७ सालीच शाळेतील मार बंद केला होता. पुढे एकेक राज्य त्या मार्गाने गेले, पण सारी राज्ये गेली नाहीत. दक्षिणेकडील काही राज्यांत शाळेतल्या फळीला आजही कायद्याची मुभा आहे.

अशा देशात मारावाचून शिस्त लावण्याची पद्धत कोठून आली? ती चांगल्या घरच्या, चांगल्या शाळेतल्या मुलांकडून आली नाही. समाजाने जवळजवळ टाकून दिलेल्या मुलांच्या संस्थांतून ती आली, आणि या इतिहासाचा हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मतिमंद किंवा आत्ममग्न म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलांना त्या काळी मोठमोठ्या वसतिगृहवजा संस्थांत ठेवीत. त्यांपैकी काही मुले स्वतःचे डोके भिंतीवर आपटीत, हात चावून घेत, दुसऱ्यांवर धावून जात. मानसशास्त्रातील वर्तनवादी संप्रदायाने या मुलांना हाती घेतले. ज्या कृतीनंतर सुख मिळते ती वाढते आणि जिच्यानंतर दुःख मिळते ती थांबते, हा त्यांचा सिद्धान्त. दुःख देण्याची साधने त्यांनी शोधून काढली. लॉस एंजेलिस येथील इव्हार लोवास यांच्या प्रयोगांवर १९६५ साली 'लाइफ' या प्रसिद्ध साप्ताहिकाने सचित्र लेख छापला. त्यात मुलांना चापट मारणे, ओरडणे आणि विजेचा धक्का देणे यांची वर्णने होती. हे सारे कळवळ्याने केले जात होते. मूल स्वतःला इजा करून मरून जाईल, त्यापेक्षा धक्का बरा, असा त्यांचा युक्तिवाद असे. छडी उगारणाऱ्या बहुतेक सर्व हातांनी हाच युक्तिवाद केलेला आहे.

१९७५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून अपंग मुलांना सार्वजनिक शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. जी मुले आजवर दाराबाहेर होती ती वर्गात आली आणि शिक्षकांपुढे नेमका तोच प्रश्न उभा राहिला, जो त्या वृद्ध शिक्षकाने मला विचारला होता. वर्गात विजेचे यंत्र ठेवता येत नाही. मग करायचे काय?

उत्तराचा मोठा भाग न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या एडवर्ड कार यांनी आणि मार्क ड्युरँड यांनी दिला. १९८५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग अवघ्या चार मुलांवरचा आहे. मूल आरडाओरड किंवा मारामारी केव्हा करते, याची त्यांनी आधी काळजीपूर्वक नोंद ठेवली. काही मुले काम अवघड झाले की बिथरत. काही मुले मोठ्यांचे लक्ष दुसरीकडे गेले की बिथरत. बाहेरून पाहिले तर वर्तन सारखेच, कारण निराळे. तेव्हा त्यांनी शिक्षा बाजूला ठेवली आणि मुलांना एकेक वाक्य शिकविले. ज्यांना काम अवघड जात होते त्यांना 'मला समजत नाही' असे म्हणायला शिकविले, आणि ज्यांना लक्ष हवे होते त्यांना 'माझे काम बरोबर होत आहे का' असे विचारायला. वाक्य उच्चारले की हवे ते मिळू लागले, आणि आरडाओरड ओसरली. याहून मार्मिक गोष्ट पुढे आहे. लक्ष हवे असलेल्या मुलाला मदत मागणारे वाक्य शिकविले, तर काहीच उपयोग होत नसे. आपले दुखणे आणि आपले वाक्य जुळले, तरच गुण येई.

मूल चावते, ओरडते, फेकते ती त्याची भाषा आहे. तिचा अर्थ लावा आणि त्याच अर्थाची दुसरी, सभ्य भाषा त्याला द्या, असा या प्रयोगाचा मथितार्थ होता. हे वाचले तेव्हा खिडकीपाशी बसणारा तो मुलगा माझ्या डोळ्यांपुढे आला. तो कोणत्या वेळी चावत असे, हे मी त्या शिक्षकांना विचारले नव्हते. त्यांनीही कधी टिपून ठेवले नसावे. कारण ही टिपण्याची गोष्ट आहे, असे आम्हा दोघांनाही कोणी शिकविले नव्हते.

१९८७ साली संघीय सरकारच्या अनुदानातून ओरेगॉन विद्यापीठात या विषयाचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. १९९० साली रॉबर्ट हॉर्नर, ग्लेन डनलॅप, कार आणि त्यांचे सहकारी यांनी एक संयुक्त लेख लिहून, दुःख न देता वर्तन सुधारण्याचे हे शास्त्र एकत्र मांडले. 'पॉझिटिव्ह बिहेवियर सपोर्ट' हे नाव रूढ झाले. आपण त्याला सकारात्मक वर्तनसाहाय्य म्हणू. जुन्या पद्धतीचा शेवट मात्र एकदम झाला नाही. मॅसॅच्युसेट्समधील एका संस्थेत विजेचे धक्के पुढेही चालू राहिले. तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली त्या यंत्रावर बंदी घातली, तर २०२१ साली अपील न्यायालयाने ती बंदीच रद्द ठरविली. इतिहास एका रेषेत चालत नाही, याचे आणखी एक उदाहरण.

१९९७ साली अपंगांच्या शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन सकारात्मक वर्तनसाहाय्य हे शब्द प्रथमच कायद्यात आले. अपंग मुलास दहा दिवसांहून अधिक काळ शाळेबाहेर काढायचे झाल्यास, त्याच्या वर्तनाचे कारण शोधण्याचे बंधन शाळेवर आले. पुढच्याच वर्षी या कामासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले; जॉर्ज सुगाई आणि हॉर्नर हे त्याचे धुरीण. गंमत अशी, की याच दशकात त्याच काँग्रेसने उलट दिशेचाही कायदा केला होता. शाळेत बंदूक आणणाऱ्यास किमान एक वर्ष काढून टाकण्याचा १९९४चा तो कायदा. त्याच्या मागोमाग अनेक शाळांनी क्षुल्लक अपराधांनाही तोच न्याय लावण्यास आरंभ केला. एका हाताने कारण शोधा म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने दार दाखवायचे, हा प्रकार तेथेही चालतो.

येथवर विषय एकेका मुलाचा होता. तो संपूर्ण शाळेचा कसा झाला, हे पाहण्यासाठी ओरेगॉनमधील यूजीन शहराच्या पश्चिमेस एल्मायरा नावाचे एक लहानसे गाव आहे, तेथे गेले पाहिजे. तेथील फर्न रिज मिडल स्कूल ही सहावी ते आठवीची शाळा. शिस्तभंगासाठी मुलांना मुख्याध्यापकांकडे पाठविताना शिक्षक चिठ्ठी लिहितात, तशा चिठ्ठ्यांचा तेथे ढीग साठत असे. विद्यापीठातील मंडळी आणि शिक्षक एकत्र बसले. मनाईच्या लांबलचक यादीऐवजी त्यांनी पाचच गोष्टी ठरविल्या : इतरांचा आदर राखा, जबाबदारीने वागा, सांगितलेले ऐका, हात-पाय आपल्यापाशी ठेवा, आणि वेळेवर तयारीनिशी या. पाच बोटांवर मोजता येतील अशा. परंतु या गोष्टी फळ्यावर लिहून त्यांनी काम संपविले नाही. वर्षारंभीच्या दिवसांत गणित-भाषा बाजूला ठेवून मुलांना जेवणघरात, व्हरांड्यात, व्यायामशाळेत, बसपाशी प्रत्यक्ष नेले आणि तेथे कसे वागायचे ते करून दाखविले, मुलांकडून करून घेतले. कोणी चांगले वागताना दिसला तर तेथल्या तेथे चिठ्ठी द्यायची, असेही ठरले. मुख्याध्यापकांकडे जाणाऱ्या तक्रारचिठ्ठ्या एका वर्षात ४२ टक्क्यांनी घटल्या. १९९७ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि पुढे या विषयाच्या वाङ्मयात तो वारंवार सांगितला गेला.

यात नवल काय, असे कोणी विचारील. मुलाला गुणाकार आला नाही तर आपण तो पुन्हा शिकवितो, आणि रांगेत उभे राहता आले नाही तर मारतो. रांगेत उभे राहणे हेही शिकविण्याचे प्रकरण आहे, एवढे त्या शाळेने मान्य केले.

या मंडळींनी पुढे जी रचना केली ती सार्वजनिक आरोग्याच्या शास्त्रातून उचलली आहे. साथ येऊ नये म्हणून गावाचे सगळे पाणी शुद्ध करतात. त्यावरही ज्यांच्यात लक्षणे दिसतात त्यांच्यावर लक्ष ठेवतात. आणि थोड्यांना रुग्णालयात न्यावे लागते. त्याचप्रमाणे पहिली पायरी सर्व मुलांसाठी, दुसरी थोड्यांसाठी, तिसरी अगदी मोजक्यांसाठी. साधारणतः शंभरातील ऐंशी मुलांना पहिली पायरी पुरते, पंधरांना जास्तीची मदत लागते आणि पाचांसाठी एकेकट्याची योजना आखावी लागते, असा त्यांचा ठोकताळा आहे. चावणारा मुलगा या पाचांतला. पण पंचावन्न मुलांचा गोंगाट आवरण्यातच ज्याचा दिवस जातो, त्या शिक्षकाला या पाचांकडे पाहण्यास उसंत कोठून मिळणार? पहिली पायरी आधी बांधायची ती यासाठी.

आता ज्या भागासाठी मी लेखणी उचलली तो. एक चांगली शाळा उभी राहणे ही काही दुर्मीळ घटना नव्हे. एखादा तळमळीचा मुख्याध्यापक लाभला की ते घडते, आणि त्याची बदली झाली की मोडते. ओरेगॉनच्या मंडळींनी हे ओळखले होते. त्यांनी शाळेकडून जिल्ह्याकडे तोंड वळविले. त्यांच्या पद्धतीत शाळेला एकट्याने आरंभ करता येतो, पण टिकण्यासाठी जिल्ह्याच्या पातळीवर एक समिती लागते, तिच्या हाती स्वतंत्र तरतूद लागते, आणि शाळाशाळांतून फिरणारे मार्गदर्शक लागतात. हे मार्गदर्शक तपासणी अधिकारी नसतात. ते शेरा मारीत नाहीत. शाळेच्या गटाबरोबर बसून पुढच्या महिन्यात काय करायचे ते ठरवितात. आरंभापूर्वी शाळेतील पाचांपैकी चार शिक्षकांची संमती असावी, असा दंडक सर्वत्र रूढ झाला. फळ दिसण्यास तीन ते पाच वर्षे लागतील, असे प्रथमच सांगून टाकले जाते. आमच्या कार्यालयात तीन महिन्यांत फळ न दाखविणारी योजना कोणी मांडलीच नसती.

सर्वांत मला भावली ती त्यांची नोंदवही. ओरेगॉन विद्यापीठाने संगणकावर चालणारी एक साधी नोंदपद्धत तयार केली. प्रत्येक तक्रारचिठ्ठीवर कोण, काय, कोठे, कोणत्या वेळी आणि कशासाठी, एवढेच लिहायचे. महिनाअखेरीस त्याचे तक्ते निघतात आणि शाळेचा गट ते समोर घेऊन बसतो. व्हरांड्यातच भांडणे अधिक का, बुधवारीच का, जेवणाच्या सुट्टीनंतरच का, अशी चर्चा होते. अशा वेळी दोष मुलात शोधण्याआधी वेळापत्रकात शोधावा लागतो. आमच्या तिमाही अहवालातही रकाने होते; पण ते वर पाठविण्यासाठी होते. भरणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, म्हणून तो निरंक लिही. जी नोंद लिहिणाऱ्याच्या कामाची असते ती खरी लिहिली जाते, ही गोष्ट मला पस्तीस वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितली नाही.

नातवाची शाळा ज्या राज्यात आहे त्या मेरीलँडमध्ये हे काम १९९९ साली सुरू झाले. राज्याचे शिक्षण खाते, शेपर्ड प्रॅट ही मनोरुग्णांची जुनी आरोग्यसंस्था आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ अशा तिघांनी मिळून ते हाती घेतले. राज्यात २४ स्थानिक शाळाव्यवस्था आहेत. त्यांना ढोबळ मानाने आपल्याकडील जिल्हे म्हणता येईल. सरकारी योजनांत सहसा न आढळणारी एक गोष्ट त्यांनी केली. ३७ प्राथमिक शाळा घेऊन चिठ्ठ्या टाकल्या, २१ शाळांना प्रशिक्षण दिले, १६ शाळा तुलनेसाठी जशाच्या तशा ठेवल्या, आणि पाच वर्षे दोहोंची पाहणी केली. प्रशिक्षित शाळांतून निलंबने व तक्रारी घटल्या. याच प्रयोगातील बारा हजारांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून कॅथरीन ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली असे दाखविले, की त्या शाळांतील मुलावर मुख्याध्यापकांकडे पाठविले जाण्याचा प्रसंग येण्याची शक्यता इतर शाळांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होती. आज त्या देशातील २५ हजारांहून अधिक शाळांपर्यंत ही पद्धत पोहोचली आहे.

तथापि तिचे गोडवे गाऊन थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०११ साली रसेल स्किबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच नोंदपद्धतीतील ३६४ शाळांची २००५-०६ या वर्षाची आकडेवारी तपासली. प्राथमिक शाळांत कृष्णवर्णीय मुलांच्या तक्रारी गोऱ्या मुलांच्या दुपटीहून अधिक, आणि माध्यमिक टप्प्यावर जवळजवळ चौपट आढळल्या. सारख्याच अपराधासाठी त्यांना कडक शिक्षा होण्याची शक्यताही अधिक होती. नियम सर्वांना सारखे, शिकवणूक सारखी; पण चिठ्ठी लिहिणारा डोळा सारखा नव्हता. वहीने हा दोष बरा केला नाही, पण उघड केला. आपल्याकडे कोणाच्या मुलाला अधिक मार बसतो याची अशी वही कोणी ठेवली, तर तिच्यात काय दिसेल याची कल्पना वाचक करू शकतील.

दुसरा आक्षेप माझाच, त्या रंगीत चिठ्ठीवरचा. तिकडच्या टीकाकारांनीही तो घेतला आहे. आल्फी कोहन यांचे बक्षिसांवर प्रखर टीका करणारे पुस्तक १९९३ साली निघाले. शिक्षा आणि बक्षीस या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे त्यांचे म्हणणे. परंतु गुजरातेत वाढलेल्या माणसाला हा विचार कोहन यांच्याकडून घेण्याचे कारण नाही. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले, ते शिक्षा आणि इनाम दोन्ही दाराबाहेर ठेवूनच. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक एका अधिकाऱ्याकडून चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. अधिकारी परवानगी देतो, हे मला त्या पुस्तकातील सर्वांत मोठे दिवास्वप्न वाटत आले आहे.

गिजुभाईंच्या या कार्यात आपल्यांपैकीच एक बाई त्यांच्या बरोबरीने उभ्या होत्या, हे नव्या पिढीच्या कानावर घालण्यासारखे आहे. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईचा, पण बालपण इंदूरचे. राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाईंकडे गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, गुजरातीत आणि पुढे मराठीतही 'शिक्षणपत्रिका' चालली, शिक्षिका तयार होऊ लागल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार, १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र, १९५७ साली तेथून कोसबाडची टेकडी. त्या सर्व खटाटोपात अनुताई वाघ यांची साथ. सुसंस्कृत घरांतील मुलांसाठी निघालेली पद्धत ताराबाईंनी वारली मुलांच्या अंगणात नेली, आणि मुले गुरे राखायला गेली तर शाळा कुरणात गेली. मूल शाळेत का येत नाही, याचे कारण शोधून शाळाच बदलण्याचा हा प्रकार ओरेगॉनच्या कितीतरी आधीचा आहे.

मग हा विचार जिल्ह्याजिल्ह्यांत का पसरला नाही? ज्या शिक्षिका भावनगरला किंवा कोसबाडला तयार झाल्या, त्या जेथे गेल्या तेथे एकेक दिवा लागला. पण दिव्यादिव्यांना जोडणारी तार सरकारी कार्यालयातून जायला हवी होती, आणि कार्यालयात आम्ही होतो. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे शिक्षण १८९३ साली अमरेली तालुक्यात करून पाहिले आणि १९०६ साली सर्व राज्यास लागू केले. एका तालुक्यातून राज्यभर जाण्यास तेरा वर्षे दिली, आणि त्यासाठी शाळा, शिक्षक, पैसा यांची तजवीज केली. आम्ही मुलांना न मारण्याचा निर्णय एका दिवसात, एका कागदावर, सर्व राज्यांस लागू करतो.

निर्णयांची तर वाण नाही. शारीरिक शिक्षा शिक्षणव्यवस्थेतून कटाक्षाने वगळली जाईल, हे १९८६च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणात लिहिलेले आहे. १ डिसेंबर २००० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने शाळेतील माराला मुभा देणारे तेथील नियम रद्द केले. गोव्याने २००३च्या बालक कायद्यात सर्व शाळांतून अशी शिक्षा बंद केली. त्यानंतर २००९चा कायदा. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २००९-१० या वर्षात सात राज्यांतील ६,६३२ मुलांना विचारले, तेव्हा आपणास कोणतीच शिक्षा झाली नाही असे सांगणारी मुले अवघी नऊ निघाली. आमच्या जिल्ह्याचे निरंक अहवाल त्यानंतर वर्षभरात तयार झालेले आहेत.

मेरीलँडहून परतल्यावर मी एक उद्योग केला. त्या पाच प्रश्नांचा गुजराती तर्जुमा करून एका वहीचे रकाने आखले आणि ओळखीच्या एका समूह-समन्वयक बेनना दिले. त्यांच्याकडे दहा-बारा शाळा होत्या. त्यांपैकी एकीत त्यांनी शिक्षकांना राजी केले. वही वर पाठवायची नाही, एवढी एकच अट. दोन महिन्यांनी त्यांनी ती मला आणून दाखविली. निम्म्याहून अधिक भांडणे एकाच जागेची होती, पाण्याच्या टाकीपाशी, मधल्या सुट्टीच्या पहिल्या दहा मिनिटांतली. नळ चार, त्यांतले दोन बंद, आणि सातही वर्ग एकदम सुटत. शाळेने नळ दुरुस्त करून घेतले, आणि लहान तीन वर्गांची सुट्टी दहा मिनिटे आधी केली. पुढच्या महिन्याच्या पानांवर टाकीचा उल्लेख तुरळक आहे. एका मुलाचे नाव मात्र तसेच पुन्हा पुन्हा येते, बहुधा वाचनाच्या तासाला. त्याच्या नावापुढे एका शिक्षिकेने पेन्सिलीने लिहिले आहे : अक्षरे ओळखत नाही, पुढे बसवून पाहते.

दिवाळीनंतर त्या समन्वयक बेनची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. वही माझ्याकडे आहे. तिची सव्वीस पाने भरलेली आहेत.